टोनी गुनावान : दोन देशांचा दुहेरी विश्वविजेता

१/ ऑगस्ट २००५. कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम. बॅडमिंटनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा प्रथमच अमेरिकेच्या भूमीवर भरली आहे आणि पुरुष दुहेरीचा अंतिम सामना चालू आहे. जाळीच्या एका बाजूला इंडोनेशियाचे चांद्रा विजया आणि सिगित बुदियार्तो. दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा हावर्ड बाक आणि त्याच्या शेजारी, अमेरिकेकडूनच खेळणारा, टोनी गुनावान. पाचच वर्षांपूर्वी सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये हाच टोनी चांद्राच्या शेजारी उभा होता. दोघांच्या गळ्यात सुवर्णपदक होते आणि त्या ऑलिंपिकमधील इंडोनेशियाचे ते एकमेव सुवर्ण होते.

२/ ॲनाहाइमचा सामना तिसऱ्या गेमपर्यंत गेला. १५-११. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील अमेरिकेचे पहिले सुवर्ण. ते मिळवून देणाऱ्या दोघांपैकी हावर्ड बाक जन्माने व्हिएतनामचा, आणि टोनी गुनावान तेव्हा अमेरिकेचा नागरिकसुद्धा नव्हता. ज्या देशाचे राष्ट्रगीत त्याच्या विजयानंतर वाजले, त्या देशाचे नागरिकत्व मिळायला त्याला आणखी सहा वर्षे लागणार होती.

३/ हा धागा त्या खेळाडूविषयी आहे. त्याची कारकीर्द समजून घ्यायची तर बॅडमिंटनच्या बरोबरीने विसाव्या शतकातील इंडोनेशिया, तेथील चिनी वंशाचा समाज आणि 'नागरिक कोण' हा न संपणारा प्रश्नही पाहावा लागतो. म्हणून धागा थोडा लांब आहे.

४/ सुरुवात नावापासून. 'गुनावान' हे नाव मराठी कानाला ओळखीचे वाटते, आणि ते योग्यच आहे. मूळ शब्द संस्कृत 'गुणवान'. चांद्रा विजया म्हणजे चंद्र आणि विजय. जावा बेटावर संस्कृत नावांची परंपरा हजार वर्षांहून जुनी; तिथले मुसलमान कुटुंबही मुलाचे नाव सहज विष्णू किंवा अर्जुन ठेवते. पण चिनी वंशाच्या अनेक घरांत ही नावे परंपरेने आलेली नाहीत. ती सरकारी आदेशामागून आली.

५/ १९६५-६६ मध्ये इंडोनेशियात प्रचंड रक्तपात झाला. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लक्षावधी माणसे मारली गेली, सुकार्नो यांची सत्ता गेली आणि सेनानी सुहार्तो यांची आली. कम्युनिस्ट चीनशी नाते जोडून चिनी वंशाच्या सगळ्याच समाजाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. १९६६ मध्ये मंत्रिमंडळाच्या निर्णयाने चिनी नावे बदलून 'इंडोनेशियन' नावे घेण्याची सोय करण्यात आली. शब्द 'सोय' असा होता. दबाव किती होता हे वेगळे सांगायला नको. १९६७ च्या आदेशाने चिनी सणवार आणि धर्मविधी सार्वजनिक ठिकाणी करण्यावर बंदी आली. चिनी शाळा बंद झाल्या.

६/ माणसांनी मग युक्ती काढली. जुन्या आडनावाचा उच्चार नव्या नावात कुठेतरी जपायचा. 'गो' आडनावाच्या अनेक कुटुंबांनी 'गुनावान' घेतले, 'तान' मंडळींनी 'तानुविजाया' किंवा 'हार्तांतो' यांसारखी नावे. अशा रीतीने एका समाजाने आपली ओळख संस्कृत शब्दांच्या पोटात दडवून ठेवली. भाषेच्या इतिहासात याहून विचित्र वळणे फारशी सापडत नाहीत.

७/ टोनीचा जन्म ९ एप्रिल १९७५ चा, पूर्व जावातील सुराबाया या बंदराच्या शहरातला. बॅडमिंटनच्या नकाशावर सुराबायाचे स्थान फार मोठे आहे. ऑल इंग्लंड स्पर्धेचे एकेरीचे विजेतेपद आठ वेळा जिंकणारा रुदी हार्तोनो याच शहरातला. जन्मनाव निओ हाप लिआंग. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा एकेरीतील सुवर्णविजेता अलान बुदिकुसुमा हाही सुराबायाचाच. दोघेही चिनी वंशाचे.

८/ हा योगायोग नव्हे. १९५८ मध्ये सिंगापूर येथे इंडोनेशियाने मलायाला ६-३ असे हरवून थॉमस करंडक पहिल्यांदा जिंकला, तेव्हा त्या संघातील बहुतेक खेळाडू चिनी वंशाचे होते. देश स्वतंत्र होऊन जेमतेम एक दशक झाले होते आणि जगाला हरवता येईल असा एकच खेळ त्याच्या हाती लागला होता. पुढल्याच वर्षी तान जो होक ऑल इंग्लंड जिंकणारा पहिला इंडोनेशियन ठरला. त्याच वर्षी, १९५९ मध्ये, सरकारने आणखी एक आदेश काढला : परदेशी नागरिकांना, म्हणजे प्रत्यक्षात चिनी दुकानदारांना, ग्रामीण भागात किरकोळ व्यापार करण्यास मनाई. राष्ट्राने एका हाताने फुलांचा हार घालावा आणि दुसऱ्या हाताने दुकानाला कुलूप लावावे, असे ते वर्ष होते.

९/ तान जो होकला पुढे हेंद्रा कार्तानेगारा व्हावे लागले. (जाता जाता : हा तान अमेरिकेत टेक्सासमधील बेलर विद्यापीठात शिकला आणि अमेरिकेची खुली स्पर्धाही त्याने जिंकली. जावा ते अमेरिका ही वाट टोनीच्या जन्माआधीच मळलेली होती.)

१०/ नाव बदलूनही प्रश्न सुटला नाही. चिनी वंशाच्या इंडोनेशियन माणसाकडे जन्मदाखला आणि ओळखपत्र असूनही आणखी एक कागद मागितला जाई. संक्षेपाने त्याला 'एसबीकेआरआय' म्हणत. अर्थ, इंडोनेशिया प्रजासत्ताकाच्या नागरिकत्वाचा पुरावा. पासपोर्ट काढायचा, कॉलेजात प्रवेश घ्यायचा, लग्न नोंदवायचे तर हा कागद दाखवा. तोही आपला, आणि कधी कधी आईवडिलांचाही. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निर्णयाने ही अट रद्द झाली. निर्णय कागदावर राहिला आणि कागद मागणे खिडकीवर चालूच राहिले.

११/ आता खेळाकडे वळू, कारण टोनीचे मोठेपण त्याच्या वंशात नाही. ते त्याच्या मनगटात आहे.

१२/ पुणेकरांना हे ठाऊक असेल की ब्रिटिश अधिकारी १८७० च्या दशकात पुण्यात हा खेळ खेळत आणि 'पूना' हे त्याचे एक जुने नाव. फारसे ठाऊक नसलेली गोष्ट पुढची आहे. १८९९ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तिच्यात फक्त दुहेरीचे सामने होते. एकेरी दुसऱ्या वर्षी आली. म्हणजे या खेळाच्या सर्वांत प्रतिष्ठित स्पर्धेत दुहेरी ही थोरली बहीण आहे. तरीही प्रसिद्धी आणि आठवणी एकेरीच्या वाट्याला येतात. आपल्याकडेही नंदू नाटेकर, प्रकाश पदुकोण, पुलेला गोपीचंद, सायना, सिंधू ही नावे एका दमात येतात. दुहेरीची नावे आठवायला अलीकडेपर्यंत थांबावे लागे. मुंबईच्या चिराग शेट्टीने सात्विकसाईराजच्या साथीने ते चित्र बदलले, तो भाग वेगळा.

१३/ टोनी ज्या काळात घडला तेव्हा गेम १५ गुणांचा असे आणि सर्व्हिस ज्याची त्यालाच गुण मिळे. दुहेरीत एका जोडीतील दोघांना पाळीपाळीने सर्व्हिस मिळे. दोघेही हरले की सर्व्हिस पलीकडे जाई. फक्त गेमच्या पहिल्या पाळीत एकच सर्व्हिस. परिणाम असा की, तासभर घाम गाळूनही गुणफलक हलत नसे. प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस तोडली तरी हाती गुण येत नसे, केवळ गुण मिळवण्याचा हक्क येई.

१४/ अशा पद्धतीत सामना ठरतो पहिल्या चार फटक्यांत. सर्व्हिस जाळीच्या वरून सुतभर अंतराने गेली पाहिजे; उंच गेली तर समोरचा ती तिथेच ठार करतो. परतीचा फटका, मग तिसरा, मग चौथा. ज्या जोडीला या चार फटक्यांत फूल खाली मारण्याची संधी मिळते ती आक्रमक होते. तिच्यातील एक पुढे जाळीपाशी सरकतो, दुसरा मागे स्मॅश मारायला. बचाव करणारी जोडी आडवी पसरते. आक्रमण आणि बचाव यांची अदलाबदल एका रॅलीत पाच-सहा वेळा होऊ शकते आणि प्रत्येक वेळी दोघांनी एकमेकांकडे न पाहता जागा बदलायची असते.

१५/ या पहिल्या चार फटक्यांत टोनीची बरोबरी करणारे फार थोडे झाले. त्याचा स्मॅश त्या काळात सर्वांत वेगवान नव्हता. त्याचे शस्त्र निराळे होते. रॅकेट फुलापर्यंत लवकर न्यायची आणि तिथे किंचित थांबायचे. समोरच्याचा तोल एका बाजूला झुकला की फूल दुसरीकडे सोडायचे. जोरदार फटक्याचा आविर्भाव आणि हलकाच स्पर्श. पुढे जाळीपाशी आणि मागे बेसलाइनवर तो सारख्याच सफाईने खेळे; दुहेरीतील बहुतेक मोठे खेळाडू या दोहोंपैकी एका जागेचे धनी असतात. याचा फायदा असा की जोडीदार बदलला तरी टोनी त्याच्या रिकाम्या जागेत बसू शके. हा मुद्दा ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी कारकीर्द त्यावर उभी आहे.

१६/ इंडोनेशियाचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र जकार्ताच्या पूर्व भागात चिपायुंग येथे आहे. तिथे दुहेरीची परंपरा एका पिढीने दुसरीच्या हातात दिली. १९७७ च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत पुरुष दुहेरी जिंकणारे त्जुन त्जुन आणि जोहान वाह्युदी. १९८० च्या जकार्तातील जागतिक स्पर्धेत पुरुष दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशी दोन्ही विजेतीपदे घेणारा क्रिस्तियान हादिनाता. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचे विजेते रेक्सी मैनाकी आणि रिकी सुबाग्जा. टोनी वयात आला तेव्हा रेक्सी-रिकी अजून खेळत होते आणि त्यांच्यामागे १९९७ चे विश्वविजेते चांद्रा-सिगित उभे होते. दार बंदच होते म्हणायचे.

१७/ ते उघडले एका दुर्दैवी कारणाने. १९९८ मध्ये सिगित बुदियार्तो नँड्रोलोन या बंदी असलेल्या द्रव्याच्या चाचणीत दोषी ठरला आणि त्याच्यावर एका वर्षाची बंदी आली. विश्वविजेता चांद्रा एकटा पडला. टोनी त्याच्या शेजारी आला. चांद्राचा हल्ला आणि टोनीचे जाळीवरील हात असे समीकरण जमले आणि १९९९ मध्ये दोघांनी ऑल इंग्लंड जिंकली. अंतिम फेरीत समोर होते कोरियाचे ली डाँग-सू आणि यू याँग-सुंग.

१८/ मधल्या काळात देश जळत होता. आशियाई आर्थिक संकटाने रुपिया कोसळला होता. १२ मे १९९८ रोजी जकार्तातील त्रिसाक्ती विद्यापीठात गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले. १३ ते १५ मे या तीन दिवसांत जकार्ता, सोलो आणि इतर शहरांत दंगली उसळल्या. चिनी वंशाच्या लोकांची दुकाने आणि घरे निवडून जाळली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले, हजाराहून अधिक माणसे मेली. त्यांत जळत्या दुकानांत अडकलेले गरीब लुटारूही बरेच होते. २१ मे रोजी सुहार्तो पायउतार झाले.

१९/ त्याच महिन्यात हाँगकाँगमध्ये थॉमस आणि उबेर करंडकांच्या अंतिम फेऱ्या होत्या. इंडोनेशियाच्या दोन्ही संघांत चिनी वंशाचे खेळाडू होते. घरची माणसे सुरक्षित आहेत की नाहीत, याच्या चिंतेत ते छातीवर इंडोनेशियाचे चिन्ह लावून कोर्टवर उतरत होते. पुरुष संघाने थॉमस करंडक जिंकला, अंतिम फेरीत मलेशियाला ३-२ असे नमवून. विजयी संघ परतला तेव्हा जकार्तातील काही वस्त्यांत अजून राखेचा वास होता.

२०/ सप्टेंबर २०००, सिडनी. कोरियाची किम डाँग-मून आणि हा ते-क्वोन ही विश्वविजेती जोडी सर्वांच्या तोंडी होती. त्यांना कांस्यावर थांबावे लागले. अंतिम फेरीत टोनी-चांद्रासमोर पुन्हा ली आणि यू. १५-१०, ९-१५, १५-७. १९९२ पासून इंडोनेशियाला ऑलिंपिकमध्ये मिळालेले प्रत्येक सुवर्ण बॅडमिंटनचे होते. ही साखळी दुसऱ्या कोणत्याही खेळाने २०२४ पर्यंत तोडली नाही. सिडनीत ती तुटता तुटता राहिली. एकेरीत हेंद्रावान आणि मिश्र दुहेरीत त्रिकुस हार्यांतो-मिनार्ती तिमुर अंतिम फेरीत हरले होते. सुवर्ण फक्त पुरुष दुहेरीचे.

२१/ यानंतर जे घडले ते दुहेरीबाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी जोडी फोडण्यात आली. सिगित बंदी भोगून परतला होता; चांद्रा त्याच्याकडे गेला. टोनीला मिळाला हालिम हार्यांतो. क्रिकेटमध्ये असे काही घडले असते तर महिनाभर वर्तमानपत्रे रंगली असती. पण राष्ट्रीय प्रशिक्षकांच्या दृष्टीने हिशेब सरळ होता : एका अजिंक्य जोडीपेक्षा दोन भक्कम जोड्या देशाला अधिक उपयोगी. आणि टोनी कुणाबरोबरही खेळू शकतो.

२२/ हिशेब अचूक निघाला. २००१ च्या ऑल इंग्लंडची अंतिम फेरी : टोनी-हालिम विरुद्ध चांद्रा-सिगित. टोनी जिंकला. त्याच वर्षी स्पेनमधील सेव्हिया येथे जागतिक स्पर्धा. अंतिम फेरीत टोनी-हालिम यांनी किम आणि हा यांना हरवले. दोन वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर ऑल इंग्लंड, एकाबरोबर ऑलिंपिक, दुसऱ्याबरोबर जागतिक विजेतेपद. वय २६.

२३/ सेव्हियाच्या त्याच स्पर्धेत पुरुष एकेरीत हेंद्रावान विश्वविजेता झाला. इथे आपल्याला थांबले पाहिजे. पूर्व जावातील मलांगचा हा खेळाडू, ऑलिंपिक रौप्यविजेता, विश्वविजेता. आणि त्याच्याकडे नागरिकत्वाचा तो कागद मागितला जात होता. चिनी वंशाच्या विश्वविजेत्याला आपण इंडोनेशियन आहोत हे खिडकीपुढे सिद्ध करायचे होते. अखेर २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मेगावती सुकार्नोपुत्री यांनी लक्ष घातले तेव्हा त्याचा प्रश्न सुटला.

२४/ हेंद्रावानला निदान राष्ट्राध्यक्ष भेटल्या. तोंग सिन फू, म्हणजेच चिनी उच्चारात तांग श्यानहू, यांना कुणीच भेटले नाही. जन्म सुमात्रातील लाम्पुंगचा. १९६० मध्ये चीनला गेले, तिथे साठच्या दशकातील सर्वांत भीतिदायक खेळाडू ठरले, पुढे इंडोनेशियात परतून प्रशिक्षक झाले. अलान बुदिकुसुमाच्या ऑलिंपिक सुवर्णामागे त्यांचे हात होते, हेंद्रावानलाही त्यांनीच घडवले. त्यांनी इंडोनेशियाचे नागरिकत्व मागितले आणि अर्ज नाकारला गेला. १९९८ मध्ये ते चीनला परतले. त्यांच्या तिथल्या शिष्यांत लिन डॅनचे नाव येते. एका नाकारलेल्या अर्जाची किंमत इंडोनेशियाने पुढची वीस वर्षे मोजली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

२५/ या पार्श्वभूमीवर टोनी गुनावान अमेरिकेला गेला. म्हणून तो भेदभावाला कंटाळून गेला असे लिहून टाकण्याचा मोह होतो, आणि समाजमाध्यमांवर तसे लिहिलेले आढळतेही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा मोह टाळावा. तो शिक्षणासाठी आणि प्रशिक्षक म्हणून काम करण्यासाठी गेला. पार्श्वभूमी म्हणजे कारण नव्हे. इतके मात्र म्हणता येते की, त्याच्या पिढीतल्या चिनी वंशाच्या तरुणाला परदेशाची वाट विचारात घेण्यासाठी फार मोठी कल्पनाशक्ती लागत नव्हती. हालिम हार्यांतोही पुढे अमेरिकेतच गेला.

२६/ अमेरिकेत बॅडमिंटन म्हणजे घरामागच्या हिरवळीवर, कबाब भाजताना खेळायचा खेळ. हे कायमच असे नव्हते. १९४९ मध्ये डेव्हिड फ्रीमनने ऑल इंग्लंड जिंकली होती आणि महिलांचा उबेर करंडक पहिल्या तिन्ही वेळा, १९५७, १९६० आणि १९६३ मध्ये, अमेरिकेने घेतला होता. मग आशिया पुढे गेला आणि अमेरिका विसरून गेली. हा खेळ तिथे पुन्हा रुजवला तो स्थलांतरितांनी. दक्षिण कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटी बॅडमिंटन क्लब हा थायलंडहून आलेल्या डॉन च्यू या मुद्रण व्यावसायिकाने उभारलेला. तिथे टोनी शिकवू लागला.

२७/ आणि तिथे त्याला हावर्ड बाक मिळाला. हो ची मिन्ह शहरात जन्मलेला, लहानपणी कुटुंबाबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला आलेला. हावर्ड चांगला खेळाडू होता. पण चांद्रा किंवा हालिम नव्हता, आणि पाठीशी चिपायुंगसारखे केंद्रही नव्हते. सरावाला दर्जेदार प्रतिस्पर्धी नाहीत, पुढाऱ्यांचा आशीर्वाद नाही, वर्तमानपत्रात एक ओळ नाही. टोनीने काय करावे? तेच, जे तो नेहमी करत आला : जोडीदाराच्या बळाभोवती स्वतःचा खेळ रचला. सर्व्हिस, परतीचा फटका आणि जाळी आपल्याकडे घेतली आणि हावर्डला हल्ल्यासाठी मोकळे सोडले. त्याचा परिणाम ॲनाहाइमला दिसला. त्या सामन्याचे आणखी एक अंग असे की, चांद्राला टोनीचा खेळ जितका माहीत होता तितका जगात दुसऱ्या कुणाला नसेल, आणि टोनीलाही चांद्राचा. ओळख दोन्ही बाजूंना सारखी होती. फरक एवढाच की टोनी मुद्दाम ओळखीची चाल दाखवून अनोळखी फटका मारू शकत होता.

२८/ एका खेळाडूने दोन देशांकडून, दोन जोडीदारांबरोबर, पुरुष दुहेरीचे जागतिक विजेतेपद मिळवले. पुढल्या वर्षी, २००६ मध्ये, टोनी आणि चांद्रा काही स्पर्धांत पुन्हा एकाच बाजूला उभे राहिले. कोणतीही घोषणा झाली नाही, आरोप झाले नाहीत. दोन जुने मित्र जपानची खुली स्पर्धा जिंकून आले. राष्ट्रांच्या भांडणांविषयी एवढे वाचल्यावर हा तपशील विशेष सुखावतो.

२९/ त्याच २००६ मध्ये दोन नियम बदलले. खेळात २१ गुणांची नवी पद्धत आली. सर्व्हिस कुणाचीही असो, प्रत्येक रॅलीला गुण, आणि दुहेरीत दुसरी सर्व्हिस रद्द. ज्या जगात टोनी घडला ते जग संपले. आणि इंडोनेशियात नवा नागरिकत्व कायदा आला, ज्यात 'मूळ' इंडोनेशियन असण्याचा निकष वंशावरून काढून जन्मावर आणला गेला. चिनी सणांवरील बंदी त्याआधीच, २००० मध्ये, अब्दुर्रहमान वाहिद यांनी उठवली होती. चिनी नववर्ष २००३ पासून राष्ट्रीय सुट्टी झाले. टोनी ज्या कागदांच्या देशातून निघाला होता तो देश त्याच्या पाठीमागे बदलत होता.

३०/ पण कागद त्याच्यापुढेही होताच. जागतिक स्पर्धेत अमेरिकेकडून खेळायला त्या वेळी नागरिकत्व आड आले नाही. ऑलिंपिकचा नियम मात्र कडक : ज्या देशाचा पासपोर्ट, त्याच देशाकडून. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी टोनी अमेरिकेचा नागरिक नव्हता. विश्वविजेत्या जोडीतला हावर्ड गेला आणि त्याच्याबरोबर खेळला बॉब मलायथाँग, जन्माने लाओसचा. दोघांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली, हेही अमेरिकेसाठी अभूतपूर्वच. तिथे चीनच्या काय युन आणि फू हायफेंग यांनी त्यांना हरवले. टोनी ३३ वर्षांचा होता. दुहेरीत हे वय म्हातारपणाचे नसते.

३१/ नागरिकत्व मिळाले २०११ मध्ये. लंडन ऑलिंपिकला तो अमेरिकेकडून, हावर्डबरोबर, उतरला तेव्हा ३७ वर्षांचा झाला होता. सिडनीचे सुवर्ण बारा वर्षे जुने होते. गटातील तिन्ही सामने दोघे हरले. त्या स्पर्धेतील बॅडमिंटनची आठवण निघाली की लोक मुद्दाम हरणाऱ्या, म्हणून हाकलल्या गेलेल्या महिला दुहेरीच्या चार जोड्यांविषयी बोलतात, ज्यांत इंडोनेशियाचीही एक होती. शेजारच्या कोर्टवर एक ऑलिंपिक विजेता, जिंकण्याची फारशी आशा नसताना, तीनही सामने मन लावून खेळून गेला, याची नोंद फार थोड्यांनी ठेवली.

३२/ दुहेरीच्या खेळाडूचे मूल्यमापन कसे करायचे, हा क्रीडा-इतिहासातील खरोखर अवघड प्रश्न आहे. एकेरीत पदके मोजता येतात. दुहेरीत प्रत्येक पदक निम्मे दुसऱ्याचे असते. कोरियाचा पार्क जू-बाँग, चीनचा फू हायफेंग, इंडोनेशियाचा हेंद्रा सेतियावान यांची नावे टोनीबरोबर घेतली जातात आणि त्यांच्यातील काहींची पदके अधिक आहेत. पण जोडीदार बदलून पाहणे ही एकच कसोटी दुहेरीच्या माणसाला एकेरीसारखी लावता येते. चांद्रा, हालिम, हावर्ड : तिघांची शैली निराळी, तिघांचा दर्जा निराळा. तिघांच्या नावापुढे टोनीबरोबर जिंकलेले ऑलिंपिक किंवा जागतिक सुवर्ण आहे. या कसोटीवर त्याला मागे टाकणारा सापडणे कठीण.

३३/ टोनी कॅलिफोर्नियातच राहिला आणि शिकवत राहिला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून पुरुष दुहेरी खेळणाऱ्यांत ऑरेंज काउंटी क्लबच्या च्यू घराण्यातला फिलिप होता. चांद्रा विजयाने जकार्ताजवळ तांगेरांग येथे स्वतःच्या नावाचे बॅडमिंटन केंद्र काढले. ज्यांना टोनीचा खेळ प्रत्यक्ष पाहायचा आहे त्यांनी २००५ च्या अंतिम सामन्याचे चित्रण शोधावे. स्मॅशकडे दुर्लक्ष करून फक्त त्याच्या सर्व्हिसच्या परतीच्या फटक्यांकडे पाहावे.